आईच्या खांद्याला झेपेल असं मशीन: कामशेत, पवना आणि लोणावळ्याचे दोन दिवस

लोक लोणावळ्याला चिक्की आणायला जातात. मी आणि आई गवत कापायचं जुनं मशीन बघायला गेलो.

आमचं गाव नाणे मावळात, डोंगराच्या पायथ्याशी. थोडी भातखाचरं आणि त्यांच्या वर गवताचा माळ. दसऱ्यानंतर गवत पिकलं की ते कापायचं, वाळवायचं, पेंढ्या बांधून गंजी रचायची आणि त्या गंजीवर गाईने पुढच्या पावसापर्यंत दिवस काढायचे. आमच्या गाईचं नाव हरणी. गेल्या वर्षापासून आईचा उजवा खांदा आखडलाय. हात वर जात नाही, विळा चालवला की रात्री कूस बदलता येत नाही. मागच्या हंगामात आमचा अर्धा माळ न कापताच राहिला आणि उन्हाळ्यात हरणीला विकतचा पेंढा घातला. यंदा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजारच्या गावातल्या एका माणसाला सांगून ठेवलं की दिवाळीनंतर गाय घेऊन जा. त्या दिवसापासून आई हरणीशी जरा जास्तच बोलायला लागली.

घरातली पहिली पदवीधर मी. त्यामुळे मिक्सरपासून मोबाईलपर्यंत काहीही घ्यायचं तर माझ्याकडे बघतात. मी महिनाभर फोनवर मशिनं बघितली आणि ठरवलं की नवीन परवडणार नाही, पण वापरलेलं चांगलं मिळालं तर हरणी राहील. भाद्रपदातला शनिवार-रविवार धरला, स्कूटर काढली आणि आईला म्हटलं, "चल."

"मला काय कळतंय मशीनमधलं?"

"तुला गवतातलं कळतं ना? मग झालं."

पहिला मुक्काम कामशेत. आमच्याकडून येणारा रस्ता पावसाने जागोजागी उखडलाय, तेव्हा तुम्ही येणार असाल तर दुचाकी सावकाश चालवा आणि मागे आई असेल तर आणखी सावकाश. बाजारात गरम वडापाव आणि चहा घेतला. बाजाराच्या मागच्या गल्लीत शेतीची अवजारं दुरुस्त करणारं एक दुकान आहे. तिथे खांद्याला पट्ट्याने अडकवायची जुनी मशिनं ओळीने टांगली होती: लांब दांडी, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला फिरणारी दोरी.

इथे एक कामाची गोष्ट सांगते. जुनं इंजिन चालू करून दाखवायच्या आधी त्याला हात लावून बघा. आधीच गरम असेल तर विकणाऱ्याने ते तुमच्या येण्याआधी चालू करून ठेवलंय आणि थंड असताना ते किती छळतं ते तुम्हाला कळणार नाही. आमचं थंड होतं. तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. दुकानदाराने दुकानामागच्या रानात ते फिरवून दाखवलं. गवत आडवं झालं खरं, पण दोरीने त्याचे बारीक तुकडे होऊन चारी दिशांना उडाले. आईच्या लुगड्यावर हिरवी नक्षी उमटली.

"ह्याची पेंढी बांधायची कशी वो, भाऊ?" आईने विचारलं. "हे तर केस कापल्यावानी झालं."

दुकानदार हसला. त्याने दोरी काढून तिथे तीन पात्यांचं चक्र बसवलं. आता गवत डाव्या बाजूला बऱ्यापैकी ओळीने पडायला लागलं. आई वाकून बघत राहिली. मी मात्र फोनमध्ये लिहिलं: हलकं, स्वस्त, पण फार हळू. आमचा माळ उरकायला आठवडा लागेल. मला असं मशीन हवं होतं, जे एका सकाळी सगळा माळ मोकळा करेल आणि आम्हाला कुणालाही बोलवावं लागणार नाही.

ते पवनेला मिळालं. कामशेतहून पवनानगरकडे जाणारा रस्ता या दिवसांत बघण्यासारखा असतो. दोन्ही बाजूंना लोंब्या फुटायच्या बेतातला, पोटरीला आलेला भात आणि बांधांवर सोनकीची पिवळी फुलं. धरणाच्या कडेला तंबूंच्या रांगा लागल्यात. तिथल्या एका आबांकडे ढकलत चालवायचा जुना रीपर होता. पुढे रुंद कातर, दोन चाकं, कापलेलं गवत सरळ एका बाजूला निजवत जाणारा. आबांनी चालवून दाखवला आणि मी पार भुलले.

"आबा, चांगला चालतोय की. मग विकताय का?"

"गवतच कुटं ऱ्हायलं? पोरांनी समद्या माळावर तंबू लावल्यात. पावण्यांना बारीक हिरवळ लागती." आबांनी रीपरच्या मुठीवरून हात फिरवला. "ह्यो बसून ऱ्हायला की मला बघवत न्हाई. तुमच्याकडं चालला तर बरंच."

मी तिथेच विसार द्यायला निघाले होते. आईने माझं कोपर दाबलं. "उद्या सांगतो म्हन आबाला."

"का गं? आवडला नाही?"

"लय झ्याक हाय. उद्या सांगतो म्हन."

दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडे निघालो. चढावर माझी स्कूटर धापा टाकायला लागली, तेव्हा आई उतरली आणि म्हणाली, "तू आन् तुजी गाडी, तुमी दोघी या मागनं, मी होते पुढं." खरंच वळणापर्यंत आमच्या पुढे चालत गेली. लोहगडावर ढग टेकलेला. पण एवढ्या वाटेत तिने रीपरचं नावही काढलं नाही. मला वाटलं, मशीनची भीती वाटतेय.

रात्री लोणावळ्यात आईच्या धाकट्या बहिणीकडे, सुमनमावशीकडे राहिलो. मावशी तुंगार्लीतल्या बंगल्यांवर स्वयंपाकाला जाते. तिनेच सांगितलं, की एका बंगल्यात जुनं गवताचं मशीन काढायचंय. सकाळी तिच्याबरोबर गेलो. बंगल्यापुढे सपाट हिरवळ आणि तिथला माळी शंकरभाऊ मशीन पुसून वाट बघत उभा. चार छोटी चाकं, खाली पातं, मागे कापलेलं गवत जमा करायची पिशवी.

आईने मशीनभोवती एक फेरी मारली. "शंकरभाऊ, ह्येला आमच्या माळावर न्यायचं तर आदी माळाला इस्त्री करावी लागंल."

शंकरभाऊ मोठ्याने हसला. मशीनचा विषय तिथेच संपला. पण भिंतीला एक दाताळं टेकवून ठेवलं होतं. आपल्याकडचं लाकडी, जड दाताळं नव्हे. हे पंख्यासारखं पसरलेलं, पत्र्याच्या बारीक लवचिक दातांचं, पाला गोळा करायचं. आईने ते सहज उचललं. कोपर अंगाला चिकटवून, हात वर न नेता, तिने एकदा पाला ओढला. मग परत ओढला. मग ती ओढतच गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागे न बघता. पाल्याची सरळ ओळ लागत गेली. वर्षभरात मी तिला असं काम करताना पाहिलं नव्हतं.

"मावशी, आता राहू द्या," शंकरभाऊ म्हणाला, "मालकिणीने बघितलं तर माझी नोकरी तुम्हाला देईल."

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. तिचंच तिला नवल वाटत होतं. "न्हाई दुखलं."

दाताळं घेतलं. शंकरभाऊने चहापाण्यापुरते पैसे घेतले आणि दोन सुटे दात वर दिले.

तिथून भुशीला गेलो. आईने भुशी डॅम कधीच पाहिला नव्हता. इतक्या जवळ राहून कसा नाही, असं तुम्हाला वाटेल. पण लोक पावसात पाणी बघायला येतात, तेव्हा आम्ही खाचरात लावणीला वाकलेले असतो. आता गर्दी ओसरली होती. पायऱ्यांवरून पाणी पातळ वाहत होतं. आई पायऱ्यांवर पाय सोडून बसली, दाताळं मांडीवर आडवं. भाजलेलं कणीस विकणाऱ्या बाईने विचारलं, "मावशी, ह्ये काय, धरण झाडाया आला काय?"

कणीस खाता खाता आई बोलायला लागली.

"आशे, त्यो रीपर घेतला तर एका सकाळी माळ मोकळा व्हईल. व्हय ना?"

"हो. कुणाला बोलवायला नको."

"त्येच तर." तिने कणसाचे दाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "मागच्या साली मी हिराला, सखूला बोलावलं न्हाई. का, ठाव हाय?"

आमच्याकडे गवत एकटं कुणी कापत नाही. सावड असते. आज चौघी आमच्या माळावर, उद्या आमची बाई त्यांच्या माळावर. मजुरी नसते, हाताला हात द्यायचा. मला वाटत होतं, शेजारच्या माळांवरच्या हिराकाकी आणि सखूकाकी स्वतःच आल्या नाहीत.

"त्या याला तयार हुत्या," आई म्हणाली. "मीच नको म्हनलं. माझा हात फिरत न्हाई, मी त्यांची सावड फेडू कशी? फुकट राबवून घ्यायचं बरं न्हाई दिसत. म्हनून माळ ऱ्हायला. म्हनून हरणी चालली. आता रीपर आला की हरणी ऱ्हाईल, पर मग मला कोन बोलावनार? मशीनवाली बाई म्हनतील. गवताच्या दिसात मी दारात बसून ऱ्हाईन."

पायऱ्यांवरून पाणी चाललं होतं. मी वेग मोजला होता, पेट्रोल मोजलं होतं. आईला मशीन हवं होतं ते दुसऱ्याच्या माळावर जाण्यासाठी.

"रीपर बांध ओलांडून हिराकाकीच्या माळावर जाईल का?" मी विचारलं.

"चौघांनी उचलला तर."

"आणि कामशेतचं?"

आई माझ्याकडे बघून हसली. "तुज्या खांद्यावरनं कुटंबी जाईल की."

परतताना जुन्या महामार्गाने कामशेतला आलो. दुचाकीला एक्स्प्रेसवे चालत नाही, हे नवख्यांनी लक्षात ठेवा. पवनेच्या आबांना फोन केला. ते म्हणाले, "हरकत न्हाई पोरी, पर तुज्या वळखीचा कुनी सपाट रानवाला असंल तर सांग." खांद्यावरचं मशीन, पात्यांचं चक्र, डोळ्यांवर लावायचा चष्मा घेतला. दुकानदाराने पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं ते दोनदा बजावलं. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं. मशीन गावाकडच्या टेम्पोत चढवलं. दाताळं मात्र आईने दिलं नाही. सगळी वाट माझ्या पाठीमागे उभं धरून बसली, समोरून येणारे वळून बघत होते.

दसरा झाला. मी ऑफिसातून सुट्टी काढली. आमच्या माळाला आम्ही हात लावला नाही. पहिला दिवस हिराकाकीच्या माळावर. काकीने मला चष्मा आणि पट्ट्यासकट बघितलं आणि आईला म्हणाली, "सावडीला उडतं इमान घिऊन आलीस व्हय गं?"

"इमान न्हाई, माजी पोरगी हाय," आई म्हणाली. "ती कापील, मी वढीन. तुमी बांधा. चालंल का?"

"चालंल. पर ती मशीन लय वराडती. आमी बोलायचं कवा?"

मग असं ठरलं, की प्रत्येक ओळ संपली की मी इंजिन बंद करायचं. तेवढ्यात बायकांच्या गप्पा उरकायच्या आणि मग पुढची ओळ. त्यामुळे काम हळू झालं. पण तिसऱ्या ओळीनंतर आपण इंजिन कशासाठी बंद केलंय हे विसरून मीही गप्पांत बसले होते.

चार दिवस दुसऱ्यांचे माळ, मग आमचा. वरचा अर्धा भागसुद्धा. माझे खांदे भरून आले, तळहाताला फोड आले. गंजी रचून झाली त्या संध्याकाळी दादा तिच्याभोवती दोनदा फिरले आणि फोन घेऊन ओट्यावर जाऊन बसले. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "न्हाई, गाय द्यायची न्हाई. व्हय, नक्की." आई आत भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

लोणावळ्याच्या या सहलीत चिक्की राहूनच गेली. मशीन गोठ्याच्या भिंतीला टांगलंय. दाताळ्याचा फोटो इथे टाकायचा होता, म्हणून काल आईला ते कुठे ठेवलंय विचारलं. ती हरणीपुढे गवत टाकत होती.

"सखूकडं हाय. न्हाई, सखूकडनं हिराकडं गेलं आसंल," ती म्हणाली. "काय घाई हाय? येईल फिरत फिरत."