पांढरा बोर्ड डावीकडं ओढतो

सुताचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं माझ्या बायकोच्या, हिराच्या. मधे पांढरा बोर्ड, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची फळी, लोखंडी घोड्यांच्या स्टँडवर उलटा घातलेला. नाकापासून शेपटीपर्यंत सूत ताणायचं आणि दोन्ही बाजूंचं अंतर टेपनं मोजायचं. सारखं आलं तर बोर्ड सरळ. वीस-पंचवीस वर्षं आम्ही दोघं हे काम करत होतो. पेडल बोटी असोत, पाण्याच्या टाक्या असोत, सुताचं दुसरं टोक तिच्याकडंच असायचं.

त्या दिवशी सूत तिच्या हातातून सुटलं. मी म्हटलं, "नीट धर की. झोपलीस का?" तिनं उचललं, परत धरलं. परत सुटलं.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. संध्याकाळी ती पडली आणि उजाडायच्या आत गेली. म्हणून ते सूत कसं सुटलं हे मला पहिल्यापासून सांगायचं आहे. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. जसं झालं तसं सांगतो.

माझं फायबरचं वर्कशॉप होतं, अंबडला, पत्र्याचं शेड. फायबर म्हणजे काचेच्या धाग्याची चटई असते, तिला मॅट म्हणतात. ती साच्यात अंथरायची, वर रेझिन, म्हणजे चिकट रसायन, ओतायचं, ब्रशनं दाबायचं. वाळलं की लाकडापेक्षा हलकं आणि पाण्यात न कुजणारं. बोट क्लबच्या हंसाच्या पेडल बोटी मी बऱ्याच केल्या. हिराचं माहेर मखमलाबादकडचं, भाजीवाल्यांचं. लहानपणापासून डोक्यावर मेथीची पाटी घेऊन पाण्याच्या पाटावरच्या एका फळीवरून ये-जा केलेली. पोहायला विहिरीत शिकलेली. तिचा तोल कधी जात नव्हता. त्यामुळं नवीन बोट केली की पहिली चढणार ती. माझे गुडघे गेलेले, मी काठावर वही घेऊन. ती सांगायची, "हिची एक मांडी जड झालीय," आणि बघितलं तर खरंच एका बाजूला रेझिन जास्त गेलेलं असायचं.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट असेल. कुलथे नावाचे साहेब आले. त्यांचं इगतपुरीकडं धरणाच्या काठाला रिसॉर्ट चाललं होतं. बरोबर बाहेरच्या देशातले फोटो. लोक फळीवर उभे राहून लांब वल्ह्यानं पाणी मारताहेत. साहेब म्हणाले, असे बोर्ड पाहिजेत, आधी तीन मॉडेल बनवा, त्यातलं एक फायनल करू. येणारी गिऱ्हाइकं पोहता न येणारी असणार, बायका असणार, पोट सुटलेले असणार. कोणी पडून डोकं फोडलं तर धंदा बसला. त्यामुळं सगळ्यात स्टेबल कोणता ते तुम्ही सांगायचं.

मी तीन केले. आत थर्माकोल, वर फायबर. साधं रेझिन थर्माकोलला खाऊन टाकतं, म्हणून इपॉक्सी वापरावं लागलं. पिवळा अरुंद होता, अठ्ठावीस इंच. पांढरा रुंद, बत्तीस इंच. निळा तीस इंच, पण सगळ्यात जाड.

आता लिटरचं सांगतो, कारण साहेबांचं डोकं लिटरमध्येच अडकलं होतं. बोर्डाचं माप लिटरमध्ये असतं. आत पाणी भरायचं नसतं. बोर्ड पूर्ण पाण्याखाली दाबला तर जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढे त्याचे लिटर. एक लिटर म्हणजे साधारण एक किलो वजन पेलतो, त्यातून बोर्डाचं स्वतःचं वजन वजा. मापायला मी अकरा फुटी ट्रे केला होता. तो काठोकाठ भरायचा, बोर्ड ठेवायचा, छताच्या गर्डरला जॅक लावून खाली दाबायचा. तोटीतून जे पाणी सांडेल ते हिरा वीस लिटरच्या डब्यात धरायची आणि भिंतीवर खडूनं रेघ मारायची. पिवळा साडेसहा डबे, म्हणजे एकशेतीस लिटर. पांढरा एकशेसाठच्या वर. निळा दहा डबे भरून, दोनशे.

साहेब म्हणाले, "मग तात्या, निळाच घ्या ना. दोनशे लिटर."

मी सांगितलं, लिटर माणसाला वर धरतात. कलंडू देत नाही ती रुंदी. निळा जाड आहे, माणूस पाण्यापासून उंच उभा राहतो, उंचावर तोल जास्त हलतो. डबा आणि परात पाण्यात सोडून बघा. डब्याचे लिटर जास्त, पण आधी कलंडणार डबाच.

साहेब हसले. म्हणाले, "तुमची लॅब कुठं आहे हे सगळं टेस्ट करायला?"

मी बोट दाखवलं. "ती काय, चहा गाळतीय."

हिरा तिकडूनच म्हणाली, "लॅबला साखर किती घालायची ते विचारा साहेबांना."

तर रविवारी सकाळी आम्ही तिन्ही बोर्ड टेम्पोत घालून गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला गेलो. तिथं पाणी कमरेएवढं, वारा नाही. हिरानं साडीचा काचा मारला, साहेबांनी दिलेलं लाइफ जॅकेट घातलं. मला म्हणाली, "मी यात कोबीच्या गड्ड्यासारखी दिसत असंल." मी म्हटलं, दिसतीस.

माझा टेस्टचा एक नियम होता. मीच केलेला. तीन वस्तू तपासल्या की तिसरीनंतर पहिली परत घ्यायची. कारण माणूस दमतो, ऊन वाढतं, वारा सुटतो. पहिलीचा निकाल तोच आला तर मधले निकाल खरे. पहिली बदलली तर समजायचं, वस्तू नाही, दुसरं काहीतरी बदललंय. हिराला हा नियम पाठ होता.

पिवळ्यावर ती चढली. डुलत होती, पण पडली नाही. पाच मिनिटं वल्हवून आली. म्हणाली, "पिवळी चळवळी हाय. पण ऐकते." निळ्यावर चढली. म्हणाली, "ही आगाऊ. वर उचलून धरते आन् मग सोडते." म्हणजे मी साहेबांना जे सांगितलं तेच. मी वहीत लिहिलं.

मग चहा प्यायलो. ती खडकावर बसली होती. डोकं जरा जड झालंय म्हणाली. मी म्हटलं, ऊन आहे, पदर घे डोक्यावर. तिनं घेतला.

मग पांढरा. हा माझा बोर्ड होता. माझी खात्री होती की हाच निघणार. ती चढली, उभी राहिली, आणि सरळ डावीकडं पाण्यात गेली. मला हसू आलं. तिला पडताना मी कधी बघितलंच नव्हतं. तीही हसली. परत चढली, परत डावीकडं. तिसऱ्यांदा नुसती उभी राहायला गेली तर डावा गुडघा वाकला आणि गेली.

पाण्यात उभी राहून म्हणाली, "तुमची पांढरी डावीकडं ओढती ओ. लय ओढती."

मी वहीत लिहिलं, पांढरा डावीकडे ओढतो.

माझं डोकं फिरलं होतं. दोन महिन्यांचं काम. दुसऱ्या दिवशी नऊला साहेब येणार. आतला थर्माकोल पिळला असणार, नाहीतर डाव्या अंगाला मॅटचा एक थर जास्त गेला असणार, हेच डोक्यात.

ती म्हणाली, "पिवळीवर परत चढू ना?"

मी म्हटलं, "नको. कळलं मला. चल, वर्कशॉपला जाऊ."

हे मी म्हणालो. दुसरं कोणी नाही. नियम माझा, आठवण तिनं करून दिली, आणि नको मी म्हणालो. ती त्या वेळी पिवळ्यावर चढली असती तर पिवळ्यावरूनही डावीकडंच पडली असती. मग मी लिहिलं असतं, तीन नंतर एक, निकाल बदलला. आणि बोर्डाकडं बघायच्या ऐवजी तिच्याकडं बघितलं असतं.

वर्कशॉपला आल्यावर साहेबांना फोन करून सांगितलं, पांढरा ओढतो, खोट शोधतोय. मग बोर्ड उलटा घातला आणि सूत ताणलं. ते मी पहिलंच सांगितलं. दोनदा सुटल्यावर मी रागावून विचारलं, काय झालंय तुला. ती म्हणाली, "हाताला मुंग्या आल्यात. वल्हं मारून मारून." आणि हात झटकला. डावा हात. मग उजव्या हातानं सूत धरलं. मी टेप लावला. डावीकडं सोळा, उजवीकडं सोळा. परत लावला, परत सोळा.

सूत सांगत होतं की बोर्ड सरळ आहे. मी सुतावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, हिनं ढिलं धरलंय, त्यामुळं माप चुकतंय. मी तिला म्हटलं, जा, बस तिकडं, मी एकटा करतो. ती उलट्या डब्यावर जाऊन बसली. मला म्हणाली, "चिडू नका. सापडंल." बोलताना शब्द जरा ओठातच राहत होता. मला वाटलं, दमलीय.

दुपारभर मी त्या बोर्डात खोट शोधत होतो. हातानं ठोकून बघितला. एका बाजूला आवाज बद्द येतो का ऐकलं. ती माझ्यापासून दहा फुटांवर बसलेली. मी बोर्ड बघत होतो.

सहाच्या सुमारास ती उठायला गेली आणि डब्यासकट आडवी झाली. डाव्या अंगावर.

बोर्ड न्यायचा तो टेम्पो, त्यातच घालून हॉस्पिटलला नेली. डॉक्टरांनी बघून सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, डावी बाजू गेली. त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही वेगळं जाणवलं का? तोल जाणं, हातातून वस्तू पडणं?"

मी म्हटलं, "नाही."

खरंच म्हटलं. मग दोन मिनिटांनी माझं मलाच ऐकू आलं. मी म्हटलं, "तोल गेला. तीनदा. पण तो बोर्डामुळं."

त्यांना काही कळलं नाही. कुठला बोर्ड, म्हणाले. मी सांगायला लागलो, बत्तीस इंच, एकशेसाठ लिटर. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर काही करता आलं असतं.

मला रडू आलं नाही. पाय थंड पडले होते, पाण्यात उभं राहिल्यासारखे. ती परत बोलली नाही.

पुढं त्या पांढऱ्या मॉडेलचे बारा बोर्ड गेले. साहेबांच्याकडं बरीच वर्षं चालले. पोट सुटलेले चढले, बायका चढल्या, कोणाला लागलं नाही. साहेब भेटले की म्हणायचे, तात्या, तुमचं रुंदीचं बरोबर निघालं. मी हो म्हणायचो. त्यानंतर मी नवीन मॉडेल केलं नाही, जुन्या साच्यांवरच काम केलं.

धंद्यातल्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. वस्तू वाकडी वाटली तर वस्तूवर माप लावा, पण जे माणूस ती वापरून बघतंय त्याच्याकडंही बघा. आणि स्वतः केलेला नियम घाईच्या दिवशी तर मोडूच नका.

दुसऱ्या दिवशी सकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. मुलगी नांदगावहून निघाली होती. हॉस्पिटलवाले म्हणाले, कागद व्हायला वेळ आहे, नऊनंतर ताब्यात देऊ. मला तिथं बसवेना. मी टेम्पो घेऊन वर्कशॉपला गेलो. शेड उघडंच राहिलं होतं. डबा आडवा पडलेला. सूत खाली.

ट्रे भरलेलाच होता. मी पांढरा बोर्ड एकट्यानं उचलून पाण्यात सोडला. मधोमध वाळूची एक गोणी ठेवली. पाणी थांबेपर्यंत थांबलो. मग आडवी लेव्हल ठेवली, ती बुडबुड्याची. बुडबुडा मधे. लेव्हलच खोटी असेल म्हणून तिची टोकं उलटी करून ठेवली. बुडबुडा मधेच.

मग तो काढला आणि पिवळा टाकला. तीन नंतर एक. तोही सरळ.

एवढ्यात साहेब आले. दारातूनच म्हणाले, "काय तात्या, सापडली का खोट? का निळाच घ्यायचा?"

मी म्हटलं, "पांढरा घ्या. बोर्ड ओढत नाही."

"काल तर फोनवर ओढतो म्हणालात. मग काल काय झालं होतं?"

मी सांगितलं. ते तिथंच खाली बसले, त्याच डब्यावर.

मी वही काढली. पांढरा डावीकडे ओढतो, ही ओळ खोडली नाही. तिच्यापुढं लिहिलं, बोर्ड सरळ आहे. मग टेम्पोतलं तिचं लाइफ जॅकेट, अजून ओलंच होतं, बाहेर काढून दोरीवर वाळत घातलं, टेम्पो झाडला आणि तिला आणायला गेलो.