सिंक कॉर्ड आणि हळद

नवरा-नवरी पाटावर उभे होते, भटजी मंगलाष्टकांसाठी घसा साफ करत होते आणि माझा फ्लॅश पेटत नव्हता.

पनवेलजवळच्या गव्हाणचं लग्न, एकोणीसशे नव्वदच्या आसपासचं. माझा कॅमेरा जुना. फ्लॅश डाव्या हातात उंच धरायचा आणि वायरीने कॅमेऱ्याला जोडायचा. त्या वायरीला आम्ही सिंक कॉर्ड म्हणतो. बटण दाबलं की कॅमेरा तिच्यातून फ्लॅशला सांगतो, आता पेट. आज ते सांगणं पोचत नव्हतं. आणि मांडवात फ्लॅशशिवाय फोटो म्हणजे नुसता काळोख.

नवरीचा, वनिताचा, थोरला भाऊ जहाजावर होता. त्याला लग्नाला येणं जमलं नव्हतं. वनिताने सकाळीच मला बजावलं होतं, "बाकी काय बी चुकू दे, हार घालतानाचा फोटू दादाला पायजे."

मी भटजींना जरा लांबवायला सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण लांबवलं.

फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबलं. पेटला. म्हणजे बॅटरी ठीक. मग वायर कॅमेऱ्यातून काढली, करवलीकडून केसांतली पिन मागून घेतली आणि वायरीच्या टोकाची मधली पिन अन् बाहेरची कडी त्या केसांच्या पिनेने जोडली. लख्ख! बोटाला झटकाही बसला. म्हणजे वायरही ठीक. खोटं कशाला बोलू, आता मला लग्नापेक्षा त्या कोड्यातच जास्त रस वाटायला लागला.

राहिलं कॅमेऱ्यावरचं वायर खुपसायचं भोक. डोळा लावून पाहिलं तर आत पिवळं. हात्तिच्या, हळद! आगरी हळदीत फोटोग्राफरला सुट्टी नसते. आदल्या दिवशी बायकांनी मला माखलं, सोबत कॅमेऱ्यालाही. बाहेरून मी पुसला होता. आत तेल-हळद सुकून बसली होती.

पुसायला स्पिरिट हवं, असं मी पुटपुटलो. शेजारी वनिताचा पांडूमामा उभा होता. त्याने इकडेतिकडे बघत खिशातून क्वार्टर काढली.

"ह्यानं जाईल का?"

काडीला कापूस गुंडाळून देशीत बुडवला, भोक साफ केलं, फुंकून वाळवलं. हार वर गेला, फ्लॅश पेटला. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे भाऊ जहाजावरून आला तो थेट पनवेलला माझ्या स्टुडिओत. फोटो हातात घेऊन बराच वेळ त्यातल्या बहिणीकडे बघत राहिला. डोळे पुसले. मग फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे मामा मन लावून बाटलीचं झाकण लावत होता.

"मामा मना बोलला व्हता, दारू सोडली."

तेव्हापासून हळदीला जाताना मी त्या भोकावर चिकटपट्टी लावतो. आणि बटण दाबण्याआधी कोपरे बघतो.