वहीतली चालती यादी

सुरतजवळ कडोदऱ्याला आमच्या लूमच्या कारखान्यात कॉम्प्युटर अडला की दुरुस्तीला एक काका येतात. आमच्याच खानदेशातले, बोलणं अजून अहिराणीच. बाकीचे विचारतात, काय बिघडलं? हे विचारतात, “भाऊ, आधी काय काय चालस ते सांग.” आणि जे चालतं त्याची वहीत यादी करतात.

परवा साडीच्या काठाचं डिझाइन सेव्ह केलं की शेवटची ओळ गायब व्हायला लागली. लग्नसराईची ऑर्डर अडली. सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असलेला; नव्या आवृत्तीत ही चूक सुधारलेली, पण ती आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेना. त्यांनी नव्यातल्या दुरुस्तीच्या कोडच्या तेवढ्या चार ओळी उचलल्या आणि आमच्या जुन्या आवृत्तीच्या मापाने बेतून बसवल्या.

“अहो, काठ दाखवा आधी!” मी कावलो. त्यांनी ऐकलं नाही. वहीतलं एकेक तपासलं, काठ सगळ्यात शेवटी. ओळ जागेवर होती. माझा जीव भांड्यात पडला.

“दुसरं काही नवं दिखस का?”

“नाही. सगळं पहिल्यासारखंच.”

“मंग जमनं,” म्हणाले, आणि यादीत खाली एक शब्द वाढवला: काठ.