आबांचं सांगायचं राहिलं

चष्मा काढून बंद फाइलीवर ठेवला की आबा म्हणायचे, "त्यासनं ऱ्हाऊ दे. तुन्हं सांग."

नंदुरबारच्या कोर्टातून तडजोडीसाठी येणारी भांडणं आम्ही काही वकील मध्यस्थ म्हणून ऐकतो. बंद दाराआड पक्षकार जे बोलतात ते बाहेर काढायचं नाही, हा आमचा नियम. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घरी मुकी होणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आबा आमच्यातलेच, वयाने सर्वांत मोठे. त्यांना आमचं मुकेपण दिसलं आणि त्यांनी शनिवारी दुपारी आम्हाला एकत्र बसवायला सुरुवात केली. पक्षकाराचं नाव-गाव नको, आपल्या मनात काय उरलं तेवढंच बोलायचं.

पहिल्या शनिवारी आम्ही आठही जणांनी आपापल्या यशस्वी तडजोडी ऐकवल्या. आबांनी आपल्या गावाहून, रनाळ्याहून आणलेले शेव-मुरमुरे शांतपणे संपवले आणि म्हणाले, "बठ्ठा जिंकनात. आते च्या पिऊत." सगळेच जिंकलेले! आम्ही ओशाळलो.

पुढे मी घडवलेल्या एका तडजोडीतली बाई सासरी नांदायला गेली आणि दीड महिन्यात हाताला प्लॅस्टर घालून परत आली. मी हे काम सोडायचं ठरवलं. आबांनी माझी समजूत घातली नाही. त्या शनिवारी त्यांनी प्रत्येकाला आपली फसलेली तडजोड बोलायला लावली. बाकीच्या सातही जणांकडे एकेक निघाली. मी खूप रडले आणि सोमवारी कामावर गेले. आबा स्वतःचं मात्र कधी बोलत नसत, आणि ते आमच्यापैकी कुणाला खटकलंही नाही.

गेल्या होळीनंतरच्या शनिवारी ते आले, बसले आणि म्हणाले, "आज माले सांगनं शे."

मग गप्प झाले. समोरचा गप्प झाला की त्याला टोकायचं नाही, त्याचे शब्द त्याला सापडू द्यायचे, हे मध्यस्थाचं पहिलं शिक्षण. आम्ही थांबलो. चहावर साय धरली. आबांनी एकेकाकडे पाहिलं, पिशवी उचलली. "गाडीना टाईम व्हयना," म्हणाले आणि रनाळ्याच्या बसला गेले.

बुधवारी ते वारले. हृदयविकाराचा झटका. त्यांना काय सांगायचं होतं, ते घरच्यांनाही ठाऊक नाही.

आम्ही अजून शनिवारी बसतो. त्या दिवशी आपण किती शहाण्यासारखे थांबलो, हे आठवलं की मला माझाच राग येतो. "काय झालं, आबा?" एवढंच कुणीतरी विचारायला हवं होतं. माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती.