मुज्तबाभाईंचा बेस

नांदेडला देगलूर नाक्याजवळ गाड्यांच्या सीटा शिवायचं मुज्तबाभाईंचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. पण लग्नं, जयंत्या, गॅदरिंग असं काही असलं की ते दुकान अर्ध्यावर बंद करून बेस गिटार खांद्याला लावत आणि निघत.

बेसवाल्याकडं कोणी बघत नाही. फोटो निघतात गायिकेचे, फर्माइशी येतात कीबोर्डवाल्याकडं. चार जाड तारांची गिटार घेऊन मागं उभा राहिलेला माणूस लोकांना दिसतो तेवढाच. बुद्धप्रिया मात्र म्हणायची, "मुज्तबाभाई मागं नसले की मला पायाखाली जमीनच न्हाई असं वाटतं." ती त्यांच्या ग्रुपची गायिका. दिवसा एका शाळेत गाणं शिकवायची. आनंदराज कीबोर्डवर आणि उदगीरचा शिवप्पा ठेक्याला ऑक्टोपॅडवर. दर रविवारी आनंदराजच्या माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत चौघांची प्रॅक्टिस असायची.

मुज्तबाभाईंचा जुना अँप्लिफायर साध्या गिटारचा होता. बेसचा जाड आवाज त्याला झेपला नाही, स्पीकरचा कागद फाटला आणि प्रत्येक सुराला खर्रखर्र व्हायला लागली. तेव्हा ठरलं, की आता बेससाठीच केलेला कॉम्बो घ्यायचा. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत.

कोणता, यावर मात्र तिघांची तीन तोंडं.

"हलका घ्या," शिवप्पा म्हणाला. "दर वेळी जीपमधी मलाच चढवावा लागतो."

आनंदराजचं म्हणणं, प्रॅक्टिसपुरता छोटा पुरेल. कार्यक्रमात त्याच्या मागून वायर काढून साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायची, लोकांना तिकडून ऐकू जाईल.

"लोकांना जाईल रे, मला कुठून येईल?" मुज्तबाभाई म्हणाले. "याचा ऑक्टोपॅड सुरू झाला की छोटा डबा मरून जातो. मोठ्या स्पीकरचाच घ्यायचा."

नांदेडात बेसचा कॉम्बो कोणी ठेवत नव्हतं. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मुज्तबाभाई आणि आनंदराज रेल्वेनं हैदराबादला गेले. दुकान मोठं होतं. विकणाऱ्यानं एकामागून एक पेट्या जोडून दिल्या. मुज्तबाभाईंनी पहिली वाजवून बघितली आणि मान हलवली. "दबलाय आवाज. तोंडावर उशी ठेवल्यासारखा." दुसरीला तेच. तिसरीला तीक्ष्ण आवाजाचं बटण ते फिरवत गेले, फिरवत गेले. तारेवर बोट घासल्याचा आवाजसुद्धा सुरीसारखा यायला लागला. पलीकडं हार्मोनियम बघत बसलेल्या एक बाई कानावर हात ठेवून उठल्या.

"भाई, कानात सुया टोचून राहिल्या," आनंदराज म्हणाला.

"कुठं? आत्ता कुठं जरा उघडला."

आनंदराज त्यांच्या पाठीमागं गेला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "भाई, चहा घ्यायचा का?" मुज्तबाभाई वाजवत नव्हते, बटणाकडं बघत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. आनंदराजनं पुन्हा विचारलं. विकणाऱ्यानंच वळून सांगितलं, चहा समोर मिळतो.

त्या दिवशी काही न घेता ते परतले. गाडीत आनंदराज समोरच्या बाकावर बसला, तोंडासमोर तोंड आणून त्यानं सगळं सांगितलं. मुज्तबाभाई हसले. "पंख्याचा आवाज असेल दुकानात," म्हणाले. मुदखेड येईस्तोवर मग ते खिडकीबाहेर बघत होते.

घरी सबिहाला, त्यांच्या बायकोला, यात नवं काही नव्हतं. ती कधीची म्हणत होती, "मेरी बात सुनतेच नै तुम." तिला वाटायचं, माणूस वयाबरोबर हट्टी झालाय.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मुज्तबाभाई बटण धरून बसले. बराच वेळ गेला तसं त्यांनी काचेपलीकडं तपासणी करणाऱ्या बाईंना खुणेनं विचारलं, मशीन कधी सुरू करणार? बाईंनी खुणेनंच सांगितलं, सुरू आहे.

कानाच्या आतली नस गेली होती. इतकी वर्षं स्टेजवरच्या मोठ्या स्पीकरांशेजारी उभं राहून, असं डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येत नाही. कानाला मशीन लावून बोलणं थोडं कळेल, पण गाण्याचं सांगता येत नाही. राहिलेलं जपायचं असेल तर हे वाजवणं सोडा.

मशीन लावून ते एका रविवारी प्रॅक्टिसला गेले. बुद्धप्रियानं मुद्दाम त्यांच्या आवडीचं गाणं घेतलं. ती गात होती, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, कोणातरी परक्या बाईचा. त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं. पुन्हा लावलं नाही.

आणि त्यानंतर त्यांनी हैदराबादहून सगळ्यात मोठ्या स्पीकरचाच कॉम्बो आणला. डॉक्टरांचं ऐकलं नाही, सबिहाचंही नाही. कारण जाड सूर अजून अंगाला कळत होते. पेटीला टाच टेकवून उभं राहिलं की सूर हाडातून वर चढायचा. हलका घ्या म्हणणाऱ्या शिवप्पानं ती पेटी एक शब्द न बोलता माडीवर चढवली.

काही दिवस बरे गेले. पट्टी बदलायची असली की आनंदराज बोट वर-खाली करून दाखवायचा. मुज्तबाभाई एकेकाच्या हाताकडं, ओठांकडं बघत वाजवायचे. सगळे कार्यक्रमांना जात होते. चुका व्हायच्या, तिघं एकमेकांकडं बघायचे आणि पुढं जायचे.

मग लातूरचं रिसेप्शन आलं. दुपारचा कार्यक्रम, एका मंगल कार्यालयात. स्टेज फळ्यांचं, आणि साउंडवाल्यानं बेसचे दोन मोठे स्पीकर त्याला खेटूनच लावलेले. बुद्धप्रियाचा घसा बसला होता. तिसऱ्या गाण्याला तिनं पट्टी उतरवली. आनंदराजनं बोट दाखवलं, पण मुज्तबाभाई तेव्हा तारेकडं बघत होते. ते जुन्याच पट्टीत वाजवत राहिले. बुद्धप्रियाचा सूर हलला. ती कडवं विसरली, समोरच्या खुर्च्यांवरचे लोक वर बघायला लागले.

आनंदराजनं साउंडवाल्याला खूण केली. बेसची लाइन बंद झाली. मग त्यानं मागं वाकून मुज्तबाभाईंच्या कॉम्बोचा आवाज स्वतःच उतरवला आणि बेसचे सूर डाव्या हातानं कीबोर्डवरच वाजवायला लागला. गाणं सावरलं.

मुज्तबाभाई वाजवत होते. आज छान लागलाय, असं त्यांना वाटत होतं. अख्खं स्टेज पायाखाली गुणगुणत होतं. गाण्याच्या मध्येच घाम डोळ्यांत उतरला म्हणून त्यांनी उजवा हात तारेवरून उचलला आणि कपाळ पुसलं. फळ्या तशाच हादरत राहिल्या.

त्यांनी हात हवेतच धरला. मग आनंदराजच्या डाव्या हाताकडं बघितलं. आनंदराजनं मान खाली घातली.

मुज्तबाभाईंनी बोटं पुन्हा तारेवर ठेवली. उरलेली सगळी गाणी त्यांनी वाजवली, चेहरा तसाच ठेवून, कारण समोर लोक होते.

परतताना चाकूरला चहाला जीप थांबली. आनंदराज त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "भाई, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? बंद केलं नसतं तर तिचं गाणं मोडलं असतं. बराबर केलं." त्यांनी कप खाली ठेवला. "पण मला सांगायचं होतं रे. मी येड्यासारखा हात हलवत राहिलो."

"कसं सांगू, भाई?"

ते जीपकडं वळले.

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. एका दुपारी बुद्धप्रिया दुकानात आली. त्यांनी शिलाई मशीन थांबवून तिला स्टूल दिलं. ती सावकाश, ओठ नीट हलवत बोलली, "भाई, नका वाजवू. पण येऊन बसत जा आमच्यात."

"बसून काय करू, बेटा? तुझं तोंड हलताना बघू?"

बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण शब्द बाहेर पडला होता. बुद्धप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती म्हणाली, "मग कॉम्बो तरी घरी घेऊन जा. आणून देऊ का?"

"राहू दे तिथंच. आनंदराजला कामाला येईल." मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "चांगली पेटी आहे. जपून वापरा म्हणावं."

ती गेल्यावर सबिहा दुकानामागच्या घरातून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. आता ती समोर येऊनच बोलायची.

"क्या बोली?"

"आके बैठो, गाना सुनाती बोली."

"फिर?"

बाहेर एक ऑटोवाला जुनी सीट खांद्यावर घेऊन काहीतरी विचारत उभा होता. मुज्तबाभाईंनी त्याला हातानं आत बोलावलं, आणि त्याचे ओठ दिसावेत म्हणून उजेडाकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं.