गेटवरचं बुटकं स्टूल

सिस्टर गेल्याचा फोन सलीमभाईचा आल्ता. सलीमभाई म्हणजे आमच्या केदारखेड्याची लेकरं सिस्टरच्या मिशनच्या शाळेत नेणारा रिक्षावाला. मी अंगणात वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत बसलो व्हतो. तो म्हणला, "आबा, सिस्टर गेल्या. संभाजीनगरच्या दवाखान्यात, सकाळी." मी बरं म्हणलो आन फोन ठेवला. हात तिखट झाल्ते, म्हणून डोळ्याला लावले न्हाईत. लावायची गरजबी पडली न्हाई. उरलेल्या मिरच्या खुडून झाल्या, सूनबाईनं चहा आणला, तो पिलो. गोड व्हता का फिका, आता आठवत न्हाई...

मी चौथी शिकलेला माणूस. हे लिहायला बसलो तर थोरली नात गौरी म्हणली, आबा तुम्ही सांगा, मी लिहिते. मी न्हाई म्हणलो. हात दुखतो, पण माझं मीच लिहिणार.

सिस्टरची आन माझी ओळख भांडणातून झाली. गौरी तवा पहिलीत व्हती. तिला आणायला रोज माझा पोरगा जायचा. एक दिवस त्याला काम निघालं, म्हणून मी गेलो. धुतलेलं धोतर, फेटा, सगळं बराबर. शाळेच्या गेटवर एका बुटक्या लाकडी स्टुलावर ह्या बाई बसलेल्या. मोठ्या सिस्टर, शाळेच्या मुख्य, आन बसल्या कुठं तर लेकरांच्या स्टुलावर. गौरी समोर आली. मला वाटलं, माझं नावगाव इचारतील. त्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. गौरीला इचारलं, "हे कोन?"

"आबा."

"यांच्यासोबत जायचंय?"

गौरी म्हणली, "न्हाई."

कारण असं, की सकाळी मी तिची मांजरीची पिल्लं डालग्यात घालून खालच्या आळीला सोडून आल्तो. घरभर घाण करून राह्यली व्हती. तो राग पोरीनं तिथं काढला. मी सिस्टरला म्हणलो, "बाई, लेकराचं काय ऐकता? माझं रान रस्त्याला लागून हाय, दहा गावं मला ओळखतात."

"मी पन ओळखते आबा. तुमाला कुटं इचारलं? तिला इचारलं. बसा, पानी घ्या."

बाई केरळच्या, पण इतकी वर्षं इकडं राहून मराठी आमच्यासारखी झाल्ती, फक्त जरा गोल. मी पाणी घेतलं न्हाई. बाहेर सलीमभाई रिक्षात लेकरं बसवत व्हता. तो म्हणला, "काय आबा, पार्सल अटकलं का?" मंग पोराला फोन गेला, तो हातातलं काम टाकून आला, गौरी त्याच्या गाडीवर बसून गेली. मी मागून एसटीनं आलो. घरी आल्यावर म्हणलो, पोरीला त्या शाळेतून काढा. कोणी ऐकलं न्हाई. संध्याकाळी खालच्या आळीला जाऊन पिल्लं परत आणली. हरलो म्हणून न्हाई. मांजर घरात ओरडत व्हती, झोप लागली नसती.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम मीच गेलो. सिस्टरनं तेच इचारलं, गौरी हो म्हणली. त्या दिवशीपासून आणायला मीच जायचो. आमची रोज गेटवर खटखट व्हायची. मी म्हणायचो, "इतक्या दिवसांत मला ओळखत न्हाईत का? काहून इचारता?" त्या म्हणायच्या, "काल जायचं व्हतं, आज नसंल." मी चुकलो असं तवा म्हणलो न्हाई, आजबी म्हणत न्हाई. सख्ख्या आजाला थांबवायचं म्हणजे थोडं जादाच व्हतं. पण मिरची निघाली की त्यांच्यासाठी हिरव्या मिरच्यांची पिशवी न्यायचो. सिस्टर त्यांचं केरळकडचं लोणचं करायच्या आन बरणी माझ्याच हातात द्यायच्या. "लई तिखट हाय आबा. तुमच्यासारखं."

एकदा गेट रिकामं झाल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. म्हणल्या, "आबा, बाहेरच्या मानसाची भीती लेकरू सांगते. घरातल्याची, ओळखीच्याची सांगत न्हाई. त्याला शब्द सापडत न्हाई. पन जायचं का इचारलं, की पाय मागं घेते. उभं राहून पाय दिसत न्हाई. म्हनून मी खाली बसते." घरी येताना गौरीच्या पायाकडं बघत आलो.

मंग शाळेला पंचवीस वर्षं झाली. तवर गौरी मोठी होऊन कॉलेजात गेली आन तिची धाकटी बहीण मुक्ता तिथं लागली. सिस्टर कामातून निवृत्त झाल्या, आजारानं निम्म्या राहिल्या, पण कार्यक्रमाला आल्या. मैदानात मंडप, पताका, लेकरांचे नाच, पुढाऱ्यांची भाषणं. गर्दी एवढी, की कमिटीतले लोक म्हणू लागले, आजच्या दिवस ते इचारणं राहू द्या, लेकरं मंडपातूनच ज्याची त्याच्याकडं सोडू. सिस्टरनं मला बोलावलं. हातात ते स्टूल.

"आबा, आज गेटवर तुमी बसा. माझ्याच्यानं व्हत न्हाई."

"मी कोण? मास्तर न्हाई, तुमच्या चर्चचा न्हाई."

"हट्टी हाय तुमी. आज हट्टी मानूस पायजे."

मी बसलो. गुडघे पार छातीला आले. सलीमभाई म्हणला, "आबा, खुर्ची सोडून स्टुलावर? जमाना बदलला." लोक लायनीत कुरकुर करत व्हते, जल्दी करा म्हणत व्हते. मी एकेका लेकराला इचारत व्हतो, हे कोण, जायचं का. जवळजवळ सगळी हो म्हणत आन उड्या मारत जात.

मंग फुलपाखराच्या नाचातली एक पोरगी आली. पाठीला कागदी पंख. मागं कडक इस्त्रीचा माणूस. "हे कोण?" पोरगी म्हणली, "मामा." "जायचंय?" पोरगी गप. माणूस म्हणला, "सख्खा मामा आहे मी तिचा. शाळेचे चपराशी झालात का आबा?" मी म्हणलो, "आज झालोय." परत इचारलं. पोरगी बोलली न्हाई. पांढऱ्या बुटातला पाय तेवढा मागं सरकला. एकदा. मंग दुसराबी.

मी उठलो आन गेट लावून घेतलं. तो माणूस लई बोलला, माझं वय काढलं, फेट्यावरून टोमणे मारले. मी पोरीला मागं घेऊन उभा राह्यलो. तिच्या आईला माईकवरून बोलावलं. ती पळत आली, भावाला बघून जागीच थांबली. पोरीला पोटाशी घेत मला म्हणली, "मी याला पाठवलं न्हाई. याच्यासंग मी तिला कुठंच धाडत न्हाई." सिस्टरनं मायलेकींना आत नेऊन दार लावलं. पुढं पोलिसांपर्यंत जे करायचं ते त्यांनी त्या आईच्या पाठीशी उभं राहून रीतसर केलं. ते मी सांगायचं न्हाई.

मंडप सुटताना सिस्टर गेटवर आल्या. इचारलं, "काय दिसलं?" मी म्हणलो, "पाय." त्यांनी मान हलवली. तीच शेवटची भेट.

मातीला गेल्तो. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, मीबी टाकली. लोक रडत व्हते. मला काहीच वाटत नव्हतं, गार पाण्यात हात लई वेळ ठेवल्यावर होतं तसं. अजूनबी तसंच हाय...

परवा मुक्ताला आणायला गेलो. गेटवर नवीन तरुण सिस्टर उभ्या. स्टूल भिंतीकडं सरकवलेलं, त्यावर तुळशीची कुंडी. त्यांनी मला इचारलं, "आपण कोण?"

मी म्हणलो, "मला न्हाई. तिला इचारा." कुंडी उचलून खाली ठेवली, फेट्याच्या शेवानं स्टूल पुसलं आन त्यांच्यापुढं ठेवलं. त्या जरा थबकल्या, मंग बसल्या.

"हे कोण?"

"आबा."

"यांच्यासोबत जायचंय?"

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला न्हाई. खाली तिच्या पायांकडं बघत उभा राह्यलो.