नरम शॉकअप

गाडी दुरुस्तीला आली की मिस्त्री आधी तिच्या मालकाला गप्प करायचे. पुढचा ब्रेक दाबून धरायचे, हँडलवर अंगाचा भार टाकायचे आणि एकदम सोडायचे. मध्येच कुणी बोललं की म्हणत, "थांब रे, आदी तिला बोलू दे." गिऱ्हाइकापेक्षा यंत्रावर जास्त विश्वास ठेवणारे असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील.

बोईसरला रस्त्यालगत त्यांची पत्र्याची शेड होती. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका कारखान्यात होतो आणि डोक्यात शर्यतीचं खूळ होतं. भातकापणी झाली की पालघरजवळच्या रिकाम्या खाचरांतून, बांधांवरून उड्या मारत मोटरसायकली पळायच्या. त्यासाठी मी मातीत पळवायची एक जुनी गाडी घेतली होती. पण उडी मारून उतरली की तिचे धक्के झेलणारे पुढचे शॉकअप पार खाली बसायचे, ठक्कन आवाज यायचा आणि हँडल हातातून सुटायचं.

मिस्त्रींनी चार दिवस घेतले. आधी चाकातली हवा बघितली. मग शॉकअप उघडले, तर तेल पाण्यासारखं पातळ. स्प्रिंगा शेजारीशेजारी उभ्या केल्या, तर एक बोटभर आखूड. स्प्रिंगा बदलल्या, तेल अडवणारी नवी सीलं घातली, मापून तेल ओतलं.

"आता हात लावू नको," ते म्हणाले. "वर हवेला जागा ठेवलीय. नरम वाटली तर माझ्याकडं आण. घाय नाय करायची."

घाई करणार नाही तो मी कसला! शर्यतीच्या सकाळी शॉकअप मला नरमच वाटले. घरी डब्यात इंजिनातून काढलेलं काळं तेल होतं. ते दोन्ही शॉकअपमध्ये काठोकाठ भरलं. हँडल दाबलं तर हलेना. मी स्वतःवरच खूश झालो.

मैदानावर सरावाची एक उडी मारून मी सुरुवातीच्या रेषेवर आलो. मिस्त्री मुद्दाम बघायला आले होते. ते पुढच्या चाकाशी वाकले. तेलाला आत जागाच उरली नव्हती. दोन्ही सीलं फुटून ते चाकाच्या ब्रेकवर ओघळत होतं.

"ब्रेक मार."

मी मारला. त्यांनी गाडी पुढे ढकलली, तर चाक फिरतच राहिलं. शर्यतीतला दुसराच उतार थेट नाल्यावर जात होता.

"उतर."

"मिस्त्री, पाच मिनिटं राहिलीत!"

"उतर बोलतो ना!" त्यांनी इंजिनाचा प्लग काढून खिशात टाकला.

माझं टाळकं सरकलं. "तुमच्याकडे गाडी दिली हीच चूक झाली!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. भोवती गाडीवाले जमले. त्यातले निम्मे मिस्त्रींचीच गिऱ्हाइकं.

"सील कुणी बसवलंय?" एकाने विचारलं.

मिस्त्रींनी ते काळं तेल बोटांवर चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"मीच बसवलंय," ते म्हणाले. "चूक माझी हाय."

मी तोंड उघडलं नाही. त्याची आजही लाज वाटते.

त्या दिवसानंतर एकेक गाडी दुसरीकडे जाऊ लागली. मीही त्या रस्त्याने जाणं टाळत होतो. वर्षभराने धीर करून गेलो, तर शेडमध्ये एक शिंपी मशीन लावून बसला होता.

"मिस्त्री? ते पोरीकडं सफाळ्याला गेले ना. तिथंच वारले, दोन महिने झाले."

"ते तेल मी ओतलं होतं," मी म्हणालो.

शिंपी सुईत दोरा ओवत होता.

"कुठलं तेल?" त्याने विचारलं.